काळ्या पडद्याची चिठ्ठी

सात वर्षांत ही गोष्ट सांगायची वेळ माझ्यावर निदान दहा वेळा आली आणि दहाही वेळा मी दुसरंच काहीतरी सांगितलं. कधी गुडघ्याचं, कधी पाणी न आल्याचं, एकदा तर शेजाऱ्यांच्या मांजराचं. यंदा गणपतीत पंगतीला बसलो असताना माझ्या मेहुण्याने मुलीच्या सिनेमाचा विषय काढला. पुरणपोळीवर तूप ओतून घेत म्हणाला, "त्या सिंध्याने ऐन वेळी फाईल बिघडवली, नाहीतर आज आपल्या पोरीचं नाव झालं असतं." सगळ्यांनी माना हलवल्या. मुलगी वाढत होती, तिनेही हलवली. मी कटाची आमटी मागितली.

फाईल बिघडली नव्हती. सिनेमा मी थांबवला होता.

एवढी दोन वाक्यं लिहायला सात वर्षं लागली. आता लिहिलीच आहेत तर बाकीचंही लिहून टाकतो. कुणी मध्ये बोलू नये एवढंच मागणं, आणि कागदावर ते आपोआपच होतं.

उल्हासनगरच्या एका थिएटरात मी छत्तीस वर्षं ऑपरेटर होतो. वर केबिनमध्ये बसून पडद्यावर सिनेमा सोडणारा माणूस. आमच्याकडे दोन मशीनं होती. एका मशीनवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकायचा आणि त्या ठिपक्यावर दुसरं मशीन चालू करायचं. लोक हिरॉइनकडे बघायचे, मी कोपऱ्याकडे. हजारो सिनेमांचा उजवा कोपरा मी पाहिलेला आहे. कुणी गोष्ट विचारली तर सांगता येणार नाही.

मालक सिंधी, कॅम्प तीनमधले. त्यांना आम्ही शेट म्हणायचो. कामावर रुजू झालो त्या दिवशी त्यांनी एकच गोष्ट शिकवली. "परदा काला, तो बत्ती चालू. बत्ती पहले, कारण बाद में." त्याला अर्थ होता. रीळ तुटलं, पडदा काळा झाला की दहा सेकंद पब्लिक गप्प असतं. मग "ए ऑपरेटर, सो गया क्या" सुरू होतं, मग आईबहीण, मग ब्लेड निघतात आणि खुर्च्यांचं रेक्झिन फाटतं. म्हणून दहा सेकंदांच्या आत हॉलमधले दिवे लागले पाहिजेत. कारण काय द्यायचं ते नंतर बघता येतं. छत्तीस वर्षं माझा हात त्या स्विचवर इतक्या वेळा गेला की घरी वीज गेली तरी तो आधी भिंतीकडे जायचा. बायको हसायची. "तुम्ही स्विच दाबल्याने महावितरण लाईट देणार आहे का?"

आम्ही अंबरनाथ पूर्वेला राहायचो. मी दुपारी बाराच्या खेळाआधी घरून निघायचो तो शेवटचा खेळ सुटल्यावर यायचो. सणाला खेळ जास्त. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, त्या दिवशी मी झोपा काढायचो आणि उठलो की अंधार का नाही म्हणून चिडायचो. अशाच एका सुट्टीच्या दिवशी बायको गवार निवडत बसली होती, मुलगी शेजारी पाढे लिहीत होती, आणि बायको अगदी सरळ आवाजात म्हणाली, "तुम्ही घरात असलात की मला जास्त एकटं वाटतं. नसलात की निदान वाट तरी बघता येते."

भांडणात म्हणाली असती तर मी उलट काही बोललो असतो. ती भांडत नव्हती. मी चपला घालून चौकात जाऊन पान खाऊन आलो. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. पुढे ती गेली तेव्हाही नाही. मुलीला ते आठवत असेल असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, कारण ती तेव्हा नऊ वर्षांची होती आणि सातचा पाढा चुकत होती.

मुलगी मोठी होऊन आवाजाच्या कामात गेली. मालिकांचं डबिंग करणाऱ्या एका स्टुडिओत नोकरी. बदलापूरला तिने स्वतःचा फ्लॅट घेतला. तिची आई गेल्यावर दोन वर्षांनी तिने जाहीर केलं की ती सिनेमा काढणार आहे. मला आनंद झाला. वाटलं, आता गाणी असतील, मी ओळखतो त्यातलं काहीतरी असेल.

कसलं काय. एक नवरा, एक बायको. घरच्यांशी भांडून प्रेमविवाह केलेला, आणि वांगणीला एका नव्या इमारतीत फ्लॅट घेतलेला. इमारतीत राहायला आलेली बिऱ्हाडं चार. बाकी कुलपं. तो सकाळी कामाला जातो, ती घरूनच लॅपटॉपवर काम करते. रात्री दोघं दोन खोल्यांत बसून एकमेकांना मोबाईलवर मेसेज करतात. संपली गोष्ट. नाव म्हणजे नुसता फ्लॅटचा नंबर.

शूटिंगसाठी ती माझ्याकडून आईचा पाट, आईची विळी आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन गेली. मधूनमधून लॅपटॉपवर तुकडे आणून दाखवायची. एका तुकड्यात दोरीवर टॉवेल वाळत होता. बराच वेळ वाळत होता.

"पुढे काय होतं?" मी विचारलं.

"वाळतो, बाबा."

"आणि मग?"

"मग ती तो घडी करते."

"आमच्या थिएटरात असला टॉवेल दाखवला असता ना, तर शेटने मलाच दोरीवर वाळत घातलं असतं."

ती हसली. तिच्या शेजारी तिचा मित्र बसला होता, तोही हसला. त्याचं हसणं मला आवडलं नाही. त्याचं काहीच आवडायचं नाही. उल्हासनगर कॅम्प पाचमधलं सिंधी घर, वडिलांचा जीन्स शिवण्याचा कारखाना. तो सोडून हा सिनेमाचं एडिटिंग करायचा. तिच्याबरोबर चार वर्षं होता आणि दोघंही लग्नाचं नाव काढत नव्हती. ज्या शेटचं मीठ मी छत्तीस वर्षं खाल्लं तो सिंधीच होता, घरच्या लग्नांना मला कुटुंबासकट बोलवायचा. पण मुलीच्या शेजारी सिंधी मुलगा बसला की मला ते खपायचं नाही. हे मी तेव्हा असं म्हणत नव्हतो. तेव्हा मी म्हणायचो, "त्याला धड नोकरी नाही."

तो मात्र मला काका म्हणायचा. मला फोन वापरायला त्याने शिकवलं. मी शिकताना चिडायचो आणि तो म्हणायचा, "काका, गुस्सा पण शिकायचं का आज, की फक्त मेसेज?"

सिनेमा तयार झाला तेव्हा मुलगी म्हणाली, पहिला खेळ मोठ्या पडद्यावर व्हायला हवा, आणि तो बाबांनीच लावायचा. मी शेटना फोन केला. ते आता घरीच असतात. त्यांनी रविवार सकाळचा खेळ मला मोकळा करून दिला. मी निवृत्त झाल्यावर रिळं जाऊन तिथे कॉम्प्युटर आला होता. बटण दाबलं की सिनेमा सुरू. आताच्या ऑपरेटरने मला दोनदा करून दाखवलं आणि म्हणाला, "बस इतनाही है, अंकल." छत्तीस वर्षं मी जे करत आलो ते एवढंसंच झालं होतं, त्याचाही राग मनात होता. लिहायचं तर सगळंच लिहितो.

ऐंशीएक माणसं येणार होती. नातेवाईक, बदलापूरचे तिचे शेजारी, दोघांचे मित्र. आणि एक बाई. या बाई एका महोत्सवासाठी सिनेमे निवडायच्या. त्यांनी लॅपटॉपवर बघायला नकार दिला होता, हॉलमध्येच बघेन म्हणाल्या होत्या. त्यांच्यासाठीच खरं म्हणजे हा खेळ होता. तीन वर्षं दोघांनी सुट्ट्या, रजा, झोप सगळं त्यात घातलं होतं, आणि आता ते त्या बाईंच्या दीड तासावर येऊन ठेपलं होतं.

खेळाआधी मुलीचा मित्र केबिनमध्ये आला. त्याच्या हातात एक कागद होता. काळ्या शाईत मोठ्या अक्षरात लिहिलेलं, "काळा पडदा. सहा मिनिटं. आवाज चालू राहील. काही करू नका." तो कागद त्याने मी ज्या काचेतून हॉलमध्ये बघतो तिच्या कडेला चिकटपट्टीने लावला.

"एक तासाने गोष्टीत लाईट जाते, काका. पूर्ण काळा. दोघं अंधारात पहिल्यांदा नीट बोलतात. लाईट आली की पुन्हा गप्प."

"तीनदा सांगितलंस."

"चौथ्यांदा सांगतो. सॉरी."

"मला मशीन शिकवतोस का?"

"मशीन नाही, काका. तुमचा हात मला माहितीये."

तो हसत म्हणाला. मी हसलो नाही. तो खाली गेल्यावर मी तो कागद काचेवरून ओढून काढला आणि शर्टाच्या खिशात घातला. माझ्या केबिनमध्ये मला सूचना लावणारा हा कोण? आताचा ऑपरेटर खाली चहाला निघून गेला होता. मी एकटाच होतो, जसा छत्तीस वर्षं असायचो.

सिनेमा सुरू झाला. सुरुवातीला लोक कंटाळले, ते मला वरूनही कळत होतं. वेफर्सच्या पुड्या वाजत होत्या, मेहुण्याचा फोन एकदा वाजला आणि तो तिथेच बसून "नंतर करतो, पिक्चरला आलोय" असं सांगत राहिला. टॉवेल वाळला. घडी झाली. मग हळूहळू पुड्यांचे आवाज कमी झाले. माझ्या ते लक्षात आलं, पण काय होतंय ते कळलं नाही. आमच्या थिएटरात पब्लिक गप्प झालं म्हणजे एक तर झोपलं, नाहीतर निघून गेलं.

तासाभराने पडदा काळा झाला.

माझा हात उचलला गेला. मी तो परत मांडीवर ठेवला. हे मला नीट आठवतं, कारण नंतर मी स्वतःला सांगत आलो की ते सवयीने झालं. सवयीने झालेलं नाही. सवय मी आवरली होती. दहा सेकंद गेले, मिनिट गेलं, दोन गेली. अंधारात दोघांचे आवाज चालले होते. आधी मेणबत्ती कुठे ठेवली यावरून वाद, मग तिच्या आईच्या फोनवरून, मग काही नाही, नुसता श्वास. हॉलमध्ये एक खोकला झाला. मग तोही नाही. ऐंशी माणसं असलेला हॉल इतका शांत मी कधी ऐकला नव्हता. मला काचेतून काहीच दिसत नव्हतं.

आणि मग सिनेमातली बायको म्हणाली, "तू घरात असलास की मला जास्त एकटं वाटतं. नसलास की निदान वाट तरी बघता येते."

अगदी सरळ आवाजात. जशी गवार निवडताना.

हे तुकडे मुलीने मला दाखवले नव्हते. हा आवाज तिने शेवटी रेकॉर्ड केला होता. माझ्या घरातलं वाक्य, ऐंशी लोकांच्या कानात, त्यात माझा मेहुणा, माझे साडू, बायकोची बहीण. एकालाही ते कुठलं आहे ते कळणार नव्हतं. पण मला तेव्हा वाटलं की दिवे नसले तरी सगळे माझ्याकडे बघतायत. पुढे तो नवरा काय उत्तर देतो ते मला ऐकायचं नव्हतं. मी हॉलचे दिवे लावले आणि त्याच दमात मशीनचं बटण दाबलं. थांबवण्याचं नाही, बंद करण्याचं.

मी वर्षानुवर्षं मला असंही सांगत आलो की लोकांनी शिट्ट्या मारल्या म्हणून लावले. एकानेही मारली नव्हती. दिवे लागले तेव्हा मला दिसलं ते असं. सगळे होते तिथेच बसलेले. काहींचे डोळे मिटलेले होते. त्या बाईंनी वही मिटून मांडीवर ठेवली होती. बायकोची बहीण पदर तोंडाशी धरून होती. आणि माझी मुलगी बाजूच्या भिंतीला टेकून उभी होती, मान वळवून थेट माझ्या काचेकडे बघत.

मग मेहुणा उठला. "इंटरव्हल काय? समोसे आहेत का?" दोघंचौघं हसले, खुर्च्या फटाफट वर झाल्या, आणि हॉल पुन्हा आमच्या थिएटरचा झाला.

लोखंडी जिन्यावरून ती धावत वर आली, मागे तो.

"बाबा, काय झालं?"

कारण बाद में. ते माझ्या तोंडात तयारच होतं. "फाईल अडकली. पडदा काळा झाला आणि मशीन गरम व्हायला लागलं. जळलं असतं म्हणून बंद केलं."

"काळा असणारच होता, काका," तो म्हणाला. "मी चिठ्ठी लावली होती."

"कुठली चिठ्ठी?"

तो काचेकडे बघायला लागला. मीही बघितलं. काचेवर चिकटपट्टीचे दोन तुकडे होते आणि एकाखाली कागदाचा फाटलेला पांढरा कोपरा. मुलगी मशीनवर वाकली होती, तिला ते दिसलं नाही. त्याने त्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या शर्टाच्या खिशाकडे. पातळ पांढरा शर्ट होता. आतल्या कागदावरची काळी अक्षरं बाहेरून दिसत असणार.

मी वाट बघत होतो की हा आता बोलेल. बोलला असता तर मी भांडलो असतो, पण निदान ते तिथेच संपलं असतं.

तो म्हणाला, "असेल. फाईल मीच बनवली. माझ्याकडून काहीतरी राहिलं असेल."

सिनेमा परत पहिल्यापासून सुरू होत होता. मी पुढे ढकलायला गेलो तर आवाज एकीकडे आणि तोंडं एकीकडे. शेवटी आताच्या ऑपरेटरला चहावरून बोलावून आणलं. त्याने सगळं जाग्यावर आणेपर्यंत अर्धा हॉल गेला होता. उरलेल्यांच्या हातात समोसे होते. पडदा पुन्हा काळा झाला तेव्हा मात्र शिट्टी वाजली. माझा साडू ओरडला, "ओ ऑपरेटर, घरचा पिक्चर म्हणून झोपलात काय?" लोक खदखदून हसले. त्या हसण्यात ते वाक्य कुणालाच ऐकू आलं नाही. मलाही नाही, आणि नवऱ्याचं उत्तरही नाही. सात वर्षं झाली, ते उत्तर काय आहे मला माहीत नाही.

त्या बाई काळ्या पडद्यातच उठल्या. दारात मुलीला म्हणाल्या, "कल्पना चांगली होती. पण तुमची तयारी पूर्ण दिसत नाही." तयारी. तीन वर्षं. मी केबिनच्या खिडकीतून ते बघत होतो, ऐकू येत नव्हतं. हे मला मुलीने नंतर सांगितलं, आणि मी म्हणालो, "जाऊ दे, असल्या बायका असतातच."

त्यानंतर तो सिनेमा तिने कुठेही लावला नाही. हार्ड डिस्क कपाटात ठेवली. मी म्हणायचो परत प्रयत्न कर, आणि असं म्हणताना मला आपण चांगले बाप आहोत असं वाटायचं. याहून वैताग आणणारं काही असेल तर मला माहीत नाही.

दोघं पावसाळ्याआधी वेगळी झाली. सगळं माझ्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही, तेवढं श्रेय मला नको. त्यांचं आधीच ताणलेलं होतं. एकमेकांशी न बोलणाऱ्या माणसांचा सिनेमा करता करता तीही घरात बोलेनाशी झाली होती. पण एका रविवारी ती माझ्याकडे जेवायला आली आणि पानात भात तसाच ठेवून म्हणाली, "चूक झाली याचा राग नाही, बाबा. मला राग याचा आहे की त्याने एकदाही सांगितलं नाही की नक्की काय चुकलं. मी शंभरदा विचारलं. 'राहिलं असेल.' इतकंच. आमच्या तीन वर्षांचं त्याला इतकंच?"

त्याच्याकडे दुसरं काय होतं सांगण्यासारखं? खरं सांगितलं असतं तर तिचा बाप खोटारडा ठरला असता. तो माझी लाज झाकत होता आणि ती त्याला बेफिकीर समजत होती. मी दोघांच्या मध्ये बसून म्हणालो, "भात गार होतोय."

ती आता एकटी राहते. बदलापूरला सातव्या मजल्यावर. रोज फोन करते. "जेवलात?" "जेवलो. तू?" "हो." मग दोघंही थोडा वेळ फोन धरून बसतो. असा टॉवेल मी तिच्या सिनेमात बघितला होता आणि हसलो होतो.

पंगतीतल्या त्या प्रसंगानंतर मी ठरवलं की आधी त्याला भेटायचं, मग तिला सांगायचं. पत्ता मिळायला कष्ट पडले नाहीत. सिनेमा जिथे काढला होता, वांगणीच्या त्याच इमारतीत, त्याच फ्लॅटमध्ये तो आता राहतो. लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. मी चिठ्ठी बरोबर घेतली. इतकी वर्षं ती रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये ठेवलेली आहे, फेकवत नव्हती आणि ठेवून काय करायचं तेही कळत नव्हतं.

त्याने दार उघडलं. दाढीत पांढरे केस आले होते.

"काका? घरी सगळे ठीक?"

"ठीक. असाच आलो."

"वांगणीला असंच कोण येतं?" म्हणाला, आणि आत घेतलं. दोरी होती तिथेच होती. टॉवेलही होता, दुसरा. त्याने चहा ठेवला आणि ताटलीत कोकी आणून ठेवली, सिंधी लोक करतात ती जाड, कांदा घातलेली पोळी. "मम्मीने भेजली. तुमचे दात आहेत ना अजून?"

"चार आहेत."

"मग चहात बुडवा."

मी बुडवून खात होतो आणि वाक्य जुळवत होतो. रस्त्याने ते पाठ करत आलो होतो. चिठ्ठी माझ्या खिशात होती, तू पाहिलीस, तू गप्प राहिलास, मला माफ कर. एवढंच. चार तुकडे. त्याने गुडघ्यांची चौकशी केली. मी गुडघ्यांबद्दल सविस्तर सांगितलं. भिंतीला आलेल्या ओलीबद्दल सल्ला दिला. मग तो कपाकडे बघत म्हणाला, "ती कशी आहे?"

"बरी आहे," मी म्हणालो, आणि हात खिशाकडे नेला.

खालून हॉर्न वाजला. तो ताडकन उठला. "टँकर. आठवड्यात एकदाच येतो, काका. जरा मदत कराल? मी खालून पाइप वर देतो, तुम्ही गॅलरीतल्या पिंपात धरा. भरलं की हात करा, लगेच. नाहीतर तो वाया घालवतो आणि खालचे भांडतात."

तो जिन्याने खाली पळाला. मी गॅलरीत गेलो. दुसराच मजला, त्याने दोरीने पाइप वर पाठवला आणि मी तो निळ्या पिंपात धरला. टँकरवरचा पंप सुरू झाला. त्या पंपाला काय आवाज, आमच्या जुन्या दोन मशीनांना एकत्र नव्हता. पाइप थरथरत होता, पाणी भसाभस पडत होतं. तो खाली टँकरशेजारी उभा होता, कंबरेवर हात ठेवून, मान वर करून माझ्याकडे बघत. मी इशारा करण्याची वाट बघत.

त्या आवाजात मला वाटलं, आता म्हणू शकतो. मी कठड्यावरून वाकलो आणि म्हणालो. पूर्ण म्हणालो, चारही तुकडे, पाठ केले होते तसे. माझा मलाही आवाज येत नव्हता.

त्याने कानामागे हात धरला. "काय, काका?"

त्याच्या ओठांवरून मला ते कळलं. मी हाताने काहीच केलं नाही. त्याने वळून टँकरवाल्याला पंप बंद करायला सांगितलं. पंप बंद झाला. एकदम इतकी शांतता झाली की पाइपातून गळणारं थेंब थेंब पाणी ऐकू येत होतं. तो मान वर करून थांबला होता. घाई नव्हती त्याला.

"काय म्हणत होता?"

"पिंप भरलं," मी म्हणालो.

पिंप अजून अर्धंच होतं.